आग्नेय कोपऱ्यातलं खरकटं

३ मार्च २०२५, सोमवार

पोहोचले बाई एकदाची. घोडेगावच्या बाजारात म्हैस विकली, शेजारणीला कोंबड्या दिल्या, आणि दोन पिशव्या, एक बोचकं नि माझी जीभ एवढं सामान घेऊन सुप्याला आले.

आजपासून मी रोजनिशी लिहिणार आहे. हसू नका. चौऱ्याहत्तर वर्षांत मला माझ्या छबूबाई नावातला ‘छ’सुद्धा काढता आला नाही. पण आमच्या नातसुनेनं, पूजानं, मोबाईलात अशी सोय करून दिलीय की माईकच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलत सुटायचं. तो ऐकतो आणि लिहितो. तारीखसुद्धा स्वतःच टाकतो. मी ‘हाय’ म्हटलं की कधी हाय ठेवतो, कधी ‘आहे’ करतो. शाळेत गेलेला दिसतोय.

पूजाला सातवा लागलाय. तिला आई नाही, म्हणून बाळंतपणाला मी. मागल्या साली तिचं एक चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हापासून पोरगी चालतानाही पोटाखाली हात धरून चालते. हे टिकलं पाहिजे. मी आलेय ती एवढ्यासाठीच. बाकी नातवाचं घर बघणं वगैरे तोंडदेखलं.

घर मात्र छान आहे. करण इथल्या एमआयडीसीत कामाला आहे, तिथून जवळच ही नवी घरांची रांग झाली, त्यातलं शेवटचं आमचं. फरशी अशी की तीत बघून कुंकू लावावं. करणनं दारातच मला दम भरला. वास्तुशांत होऊन महिनाच झालाय, भटजींनी बजावलंय, घरात वाईटसाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते, कधी म्हणेल त्याचा नेम नाही. मी म्हटलं, बाबा, माझी जीभ तुझ्या वास्तूपेक्षा म्हातारी आहे, नमस्कार तिनं करायचा.

आता ओट्याशी बसून बोलतेय. दूध तापतंय. ह्या घरात दुधाला कधी कमी पडू नये. तथास्तु. अगं बाई, लाइट गेली. दारामागं भिंतीत पांढरी पेटी आहे, तिच्यात खटके आहेत, त्यातला एक टक् करून पडला. करण म्हणतो, हे असं रोज चालतं, खटका वर करायचा की झालं. केला वर. आली लाइट. तोवर दूध उतू गेलं. नव्या घरात दूध उतू जाणं चांगलंच.

४ मार्च, मंगळवार

शेजारच्या गोजरबाईची गाय व्यालीय. ओळख ना पाळख, सकाळी किटलीभर दूध आणि चीक घेऊन दारात हजर. म्हणाली, आता रोज घेत जा, आमच्यानं संपत नाही. मी चिकाचा खरवस केला. पूजानं दोन वड्या खाल्ल्या आणि त्या पोटात राहिल्या, ही मोठी गोष्ट.

खटका मात्र दिवसात चारदा पडतो. करणची सुट्टी होती, त्यानं चोर धरायचं मनावर घेतलं. फ्रिज, मिक्सर, गिझर, टीव्ही, सगळ्यांच्या पिना उपटल्या आणि एकेक लावून बघत बसला. लाथाडी म्हैस कोणती हे ओळखायचं तर एकेकीच्या कासेला हात लावून बघतात, तसंच. सगळं लावून झालं तरी एकही लाथाडेना. करण खूश झाला, मिशीवरून हात फिरवला. मी म्हटलं, थांब, तुझ्या पेटीत एखादी पाल बाळंत झाली असेल. तेच आता मोबाईललाही सांगते, पेटीत पाल बाळंत झाली असेल. तथास्तु. गेली बघा. मिशी उतरली.

५ मार्च, बुधवार

वाल्मिक नावाचा वायरमन आला. पन्नाशीचा, पान खाणारा, बोलण्यात माझ्या तोडीचा. त्यानं पेटीचं झाकण उघडलं आणि चार पावलं मागं सरला.

पाल होती. तारांमध्ये अडकून भाजलेली, पोट फुटलेली, आणि तिच्याभोवती अंडी. एक-दोन नव्हे, बावीस, मी मोजली. साबुदाण्याच्या खिचडीसारखी एकमेकांना चिकटलेली. वाल्मिकनं पेचकसानं खरवडली तर एकेक फुटून पिवळं पाणी बोर्डावरून ओघळलं. मला दुपारचं जेवण गेलं नाही. जन्मभर शेण काढलेली बाई मी, मला किळस येत नाही असं समजत होते.

तरीही वाल्मिकचं समाधान होईना. म्हणाला, आजी, करंट कुठंतरी गळतोय, तुमच्या घराला अर्थिंगच नीट नाही. खड्डा घेऊन जमिनीत तांब्याची पट्टी पुरायची, तिची तार भिंतीतून पेटीला जोडायची, मीठ-कोळसा घालायचा. घरामागं सगळं सिमेंट आहे, आग्नेय कोपऱ्यात तेवढी दोन हात माती मोकळी. तिथं त्यानं खणलं. हातभर खाली गेल्यावर एक तांब्याची डबी लागली. ती मी ओळखली. वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची मूर्ती आग्नेयेला पुरतात, पालथी. पुरायची घराच्या आत. पण नवी फरशी फोडायला करणचा जीव होईना, म्हणून बाहेर मातीत पुरली, भिंतीला लागून. अंगठ्याएवढी मूर्ती. वाल्मिकनं विचारलं, काय करू. मी म्हटलं, तिथंच ठेव परत, नि तुझी पट्टी वरून ठेव, त्यालाही पांघरूण होईल.

जाताना सांगून गेला, रोज एक बादली पाणी ओता, माती ओली राहिली पाहिजे.

७ मार्च, शुक्रवार

रोज एक बादली. वाल्मिकच्या तोंडाला काही धरबंध आहे की नाही. इथं टँकर येतो तिसऱ्या दिवशी. चांगलं पाणी खड्ड्यात ओतलं तर माझी सासू वरून खाली येईल मला मारायला. म्हणून मी भांड्यांचं खरकटं पाणी एका बादलीत धरते. भाकरीचा चुरा, कालवणाचा तवंग, चहाचा चोथा, कांद्याची सालं. पूजाच्या ओकाऱ्यांची घमेलीही त्यातच विसळते. माती सगळं पिते, वर थेंब राहत नाही.

आता मागल्या उंबऱ्यावर बसून तेच ओततेय. जेव बाबा. पोटभर जेव आणि ढेकर दे. तथास्तु. आत टक् झालं. अर्थिंग झालं नि खटका आहे तिथंच.

८ मार्च, शनिवार

ढेकर आला.

चेष्टा नाही. ओट्याजवळच्या तीन भोकांच्या प्लगातून. मी भाकरी थापत होते आणि गालाला ऊन वारा लागला. आंबट, शिळ्या कालवणाचा, वर पित्ताची घाण. पहिल्यांदा वाटलं, पूजा मागं उभी आहे. कोणी नव्हतं. पीठ तसंच परातीत टाकून बाहेर जाऊन बसले. करणला सांगितलं तर तो म्हणाला, पाइपात उंदीर मेला असेल, वाल्मिकला बोलावतो.

९ मार्च, रविवार

आज डोहाळजेवण. पंधरा बाया, हिरवी साडी, फुलांचे दागिने. पूजा अशी दिसत होती की बघणाऱ्याची दृष्ट लागावी, आणि लागणारच, कारण एकेक बाई येते आणि म्हणते, काय बाई पोट, काय बाई तेज, मुलगाच आहे, राजबिंडा आहे.

आमच्याकडे असं बोलत नाहीत. माझी पहिली दोन गेली. तिसरा झाला तेव्हा सासूनं त्याला उकिरड्यावर निजवलं, केरसुणीनं लोटून सुपात घेतलं, नाव केरू ठेवलं. टाकून दिलेल्या वस्तूवर सटवीसुद्धा डोळा ठेवत नाही. तो केरू म्हणजे करणचा बाप, आज पन्नाशीला आलाय, गावी शेती बघतो, रेड्यासारखा धडधाकट.

म्हणून सगळ्या गेल्यावर मी पूजाच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हटलं, राजबिंडा कसला, कचरू आहे आमचा. पूजा खूप हसली. रोजनिशीतही घालून ठेवते, म्हणजे पक्कं होईल. हिच्या पोटात पोर नाही, उकिरडा आहे, त्यात आमचा कचरू लोळतोय. तथास्तु.

गेली लाइट. जाऊ दे. नजर टळली.

११ मार्च, मंगळवार

वाल्मिकनं सगळे बोर्ड उघडले. उंदीर नाही. आत पिवळा चिकटा आहे, जुन्या तुपासारखा. तारांवरून ओघळतो. बोट लावलं की धागा येतो. बैठकीतल्या प्लगातून भाताची शितं बाहेर पडली. ती जमिनीवर पडल्यावर चालायला लागली.

वाल्मिकनं पान थुंकलं आणि म्हणाला, आजी, तीस वर्षं हे काम करतोय, वायरिंगला कधी अळ्या बघितल्या नाहीत. चहासुद्धा न घेता गेला.

पूजाच्या तोंडाला वास येतो. काल दोनदा दात घासले, गूळ चघळला. जात नाही. मी तिच्याशी बोलताना पदर नाकाला लावला आणि ते तिनं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी पूजाला जरा बरं वाटलं. तिचं मन रमावं म्हणून मी म्हटलं, मोबाईलनं काय काय लिहिलंय ते वाच तरी. तिनं वाचलं. हसली, पोट धरून हसली. मग म्हणाली, “आजी, मधेमधे तथास्तु तथास्तु काय म्हणता हो?”

मी म्हणाले नाही.

तिनं दाखवलं. मला काय कळणार, काळ्या मुंग्या नुसत्या. पण कुठं कुठं ते विचारलं. दुधाला कमी पडू नये, तिथं. पाल बाळंत, तिथं. ढेकर दे, तिथं.

कचरूपाशीही.

प्रत्येक वेळी नंतर लाइट गेलेली. तो टक् आवाज खटक्याचा नाही. तो घराचा शब्द आहे. मोबाईलनं तो ऐकला, मला नुसतं टक् ऐकू आलं. माझे कान सत्तरीचे, त्याचे नवे.

पूजाला काही सांगितलं नाही. हसले तिच्याबरोबर.

१३ मार्च, गुरुवार. होळी

आज जगानं बोंब मारायची. मी दिवसभर तोंड दाबून होते.

पुरण केलं नाही. खड्ड्यात काही ओतलं नाही. संध्याकाळी माती आपोआप ओली झाली होती, वर बुडबुडे.

पूजा ओकली. चहाचा चोथा होता. तिनं चार महिने चहा घेतलेला नाही. चोथ्यात कांद्याची सालं, आणि एक चिंधी, निळी, माझ्या भांडी घासायच्या चिंधीसारखी. माझ्या बोटांनी ओढून काढली तिच्या घशातून. लांब होती.

ज्यांना लिहिता येतं ते गप्प बसून लिहितात. मला तेवढंही नाही. मी लिहायचं म्हटलं तरी ह्या आग्नेयेतल्या वास्तुपुरुषाला ऐकू जातं.

तरी बोलतेय. कारण उलटवायचं असेल तर बोलूनच उलटवायला पाहिजे.

१४ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मशीन फिरवत राहिल्या, मग दुसऱ्या बाईंना बोलावलं, मग म्हणाल्या, चित्र नीट येत नाही, ठोका लागतोय, प्रवास अजिबात नको, झोपून राहायचं. गावी न्यायचं माझं ठरलं होतं. तेही गेलं.

घरी येऊन पेटीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, आता पुन्हा म्हणतेय, ऐक. पूजाच्या पोटात चांगलं पोर आहे. गोरंगोमटं. हातपाय धड. रडणारं, हसणारं.

टक् नाही. खटका वर.

पुन्हा म्हटलं. शंभरदा म्हटलं असेन. घसा बसला. माझा शब्द मी मागं घेते, तिच्या पोटात कचरू तथास्तु नाही, असं म्हणत होते मी, नाही म्हणत होते, मधेच टक् झालं. वाक्य पुरं करू दिलं नाही.

पहिल्या दिवशी ह्यानं दूध ऐकलं होतं. चांगलं ऐकत होता तेव्हा. मग मी त्याला खरकटं घातलं, आठ दिवस, दोन्ही वेळ. जे खाऊ घातलं त्याचीच चटक लागली. आता चांगलं तो तोंडात धरत नाही.

१६ मार्च, रविवार

करणचं टाळकं सटकलं. वाल्मिक यायला तयार नाही, म्हणून कारखान्यातला कोणी आणला आणि खटका काढून टाकून तार डायरेक्ट जोडली. म्हणाला, आता पडायला खटकाच नाही, आजी, तुम्हीही सुखी, मीही सुखी.

मी त्याचे पाय धरले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई नातवाचे पाय धरतेय. तो घाबरला, पण तार काढली नाही.

आता टक् होत नाही. तो कधी काय म्हणतो ते मला कळणारच नाही तथास्तु

भिंती ऊन लागतात हाताला. घामेजलेल्या.

१७ मार्च

पूजा झोपून. पोटावर हात ठेवला. पोर फिरलं की ते चुरचुरतं. कॅरीबॅग चुरगाळल्यासारखं. पोट गोल नाही राहिलं. गाठोड्यासारखं, कोपरे येतात, जातात.

ती म्हणाली, “आजी, माझ्या बाळाला वास येतोय का?”

नाही म्हटलं. चांगलं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा न करता बोलले.

तिच्या बेंबीतून पिवळा चिकटा. पुसला. धागा आला.

१८ मार्च. दुपार

करण कामावर. पूजाला ग्लानी.

खुरपं घेतलंय. मोबाईल उंबऱ्यावर ठेवलाय, चालू. उकरतेय. कोणी तरी पुढं वाचलं तर कळावं — चूक करणची नाही, वाल्मिकची नाही. खरकटं माझं.

माती नाही ही. चिखल नाही. भात आंबलाय. हात कोपरापर्यंत आत गेला — ऊन आहे —

पट्टी लागली. वाकलीय. डबी फुटलीय.

तो अंगठ्याएवढा होता —

तो आता पोटातल्या सात महिन्यांच्या पोराएवढा आहे. तांब्याचा नाही. मऊ. त्वचा तवंगासारखी, बोट लावलं की सरकते. पालथा होता. उताणा केला. वाल्मिकची तार त्याच्या बेंबीत गेलीय. नाळेसारखी. भिंतीत जाते तिथून.

तोंड उघडंय. ठासून भरलंय.

मूल जन्मलं की पहिल्यांदा तोंड साफ करतात. बोट घालून. मी गावात किती जणांची केलीत. ह्याचंही करते. भात. सालं. केस. पूजाच्या ओकारीचा वास. निघतंय, अजून निघतंय. ओकू नकोस छबू, ओकू नकोस —

झालं. आत बघितलं.

ह्याला जीभच नाही.

आता कळलं. जिची जीभ सगळ्यात खराब, तिचीच घेऊन बोलत होता. माझीच.

आतून पूजा ओरडतेय. कळा. सातव्यातच.

ऐक. मांडीवर घेतलंय तुला, तोंड पुसलंय, माझ्या पदरानं. ऐक आता. तो शब्द माझ्या जिभेचा होता, पोराचा नाही. तुला चटक घाणीचीच आहे ना, तर ह्या जिभेहून घाण ह्या घरात काही नाही. माझी जीभ घे, कायमची घे, आणि बदल्यात —

तथास्तु

आ —

आ